पाहुण्या मेटाडेटाला ओळख द्या : टीईआयच्या तांत्रिक परिषदेला खुलं पत्र

प्रति,
टीईआयच्या तांत्रिक परिषदेचे सर्व सदस्य,
आणि टीईआयमध्ये ग्रंथांचं एन्कोडिंग करणारे संपादक, ग्रंथपाल व प्रोग्रामर

सप्रेम नमस्कार.

गेले काही महिने मी एका संपलेल्या प्रकल्पाच्या फाइली नव्या संग्रहात आणते आहे. ज्या डेटाबेसमधून त्या ग्रंथांची माहिती यायची तो बंद पडला आहे आणि तो सांभाळणारी माणसं कधीच पांगली आहेत. उरल्या आहेत त्या फक्त एक्सएमएल फाइली, म्हणजे टीईआय या ग्रंथांसाठीच्या सामायिक खूणपद्धतीनं टॅग घालून तयार केलेला मजकूर. त्यातली पहिली उघडली, हेडरमध्ये, म्हणजे फाइलीची माहिती देणाऱ्या सुरुवातीच्या भागात, झेनोडेटा हा बाहेरची नोंद ठेवण्याचा घटक दिसला, आणि मला अगदी हायसं वाटलं. कोणीतरी पुढचा विचार करून डेटाबेसमधली नोंद फाइलीच्या पोटातच ठेवून दिली होती. डब्लिन कोअर या नोंदपद्धतीत, नीटनेटकी, एकही टॅग उघडा न टाकता.

मग मी तारीख वाचली. ती फाइलीच्या प्रकाशनाची नव्हती आणि मूळ छापील पुस्तकाचीही नव्हती. दोन्हींच्या मधली कुठलीशी होती. पानं स्कॅन केली त्या वर्षाची? डेटाबेसमध्ये नोंद पडली त्या वर्षाची? की पुस्तकाच्या एखाद्या पुनर्मुद्रणाची? हे शेवटचं खरं असेल, तर पाठ मुळात त्या पुनर्मुद्रणावरून घेतला गेला असण्याची शक्यता उरते. म्हणजे हेडरच्या सोर्सडेस्क या मूळ प्रतीचं वर्णन करणाऱ्या भागात पहिल्या आवृत्तीचा जो उल्लेख आहे तोच चुकीचा ठरतो आणि त्या पाठाच्या आधारे कोणी शब्दरूपांचा अभ्यास केला असेल तर तोही डळमळतो. चार अंकांसाठी मी जुनी पत्रं, बॅकअप, हाती लागेल ते सगळं धुंडाळलं. उत्तर मिळालेलं नाही. फाइल मला सांगू शकली असती. तिला सांगायला कोणी लावलं नव्हतं.

फाइलीत ठेवलेल्या अशा परक्या मेटाडेटाला, म्हणजे ग्रंथाबद्दलच्या माहितीला, ओळख मिळावी, यासाठी हे पत्र आहे.

ते खुलं असल्यामुळे परिषदेला पाठ असलेल्या काही गोष्टी इतर वाचकांसाठी सांगते. १९८७ च्या नोव्हेंबरमध्ये पकीप्सीच्या व्हासर कॉलेजमध्ये काही अभ्यासक जमले. संगणकावर ग्रंथ उतरवताना प्रत्येक जण आपापली खूणपद्धत वापरत होता, एकाची फाइल दुसऱ्याला उपयोगी पडत नव्हती. त्या बैठकीतून टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, म्हणजे टीईआय, उभं राहिलं. १९९४ ची पी-३ मार्गदर्शिका एसजीएमएल या एक्सएमएलच्या आधीच्या खूणभाषेवर होती, २००२ ची पी-४ एक्सएमएलवर आली आणि २००७ पासून पी-५ चालू आहे. या सगळ्या प्रवासात एक गोष्ट ठाम राहिली. टीईआयच्या फाइलीला हेडर असतोच आणि हेडरमध्ये फाइलडेस्क असतोच. म्हणजे ही फाइल काय आहे, ती कोणी प्रसिद्ध केली आणि ती कशावरून तयार केली, हे सांगितल्याशिवाय टीईआयचा ग्रंथ वैध ठरत नाही. ग्रंथालयांच्या तालिकीकरणाच्या परंपरेतून आलेली ही शिस्त आहे आणि माझ्या मते ती टीईआयची सर्वांत मोठी देणगी आहे. ओळी, कडवी, खाडाखोड हे सगळं नंतर येतं.

पण जगात ग्रंथांची माहिती फक्त टीईआयच्या हेडरमध्ये राहत नाही. ग्रंथालयाकडे मार्क या तालिकीकरणाच्या स्वरूपातली नोंद असते. वेबसाठी १९९५ पासून आकाराला आलेला, १५ मूळ घटकांचा डब्लिन कोअर असतो. नोंदींची आणखीही स्वरूपं आहेत : मॉड्स असतो, आरडीएफ असतो, हल्ली जेसन-एलडी असतो. या नोंदी फाइलीसोबत ठेवायच्या तर पूर्वी लोक त्या टिपांच्या घटकात कोंबायचे, नाहीतर प्रत्येक प्रकल्प आपला वेगळा घटक काढायचा. २०१५ मध्ये तुम्ही झेनोडेटा हा घटक आणलात आणि हा प्रश्न सोडवलात. हेडरमध्ये, फाइलडेस्कनंतर, हवा तितक्या वेळा तो घालता येतो. आत टीईआयच्या नेमस्पेसबाहेरचं, म्हणजे टीईआयच्या घटकांच्या कुळातलं नसलेलं, कुठलंही एक्सएमएल चालतं किंवा नुसता मजकूर चालतो. फाइलडेस्क मात्र सक्तीचाच राहिला, त्याला झेनोडेटाचा पर्याय दिला नाहीत. हा निर्णय किती शहाणपणाचा होता ते मला आता कळतं आहे, कारण माझ्या त्या फाइलीत निदान हेडरमधली तारीख कशाची आहे एवढं तरी नक्की होतं.

नावही नेमकं निवडलंत. ग्रीकमध्ये ‘झेनोस’ म्हणजे परका, आणि ‘झेनोस’ म्हणजेच पाहुणाही. माझी तक्रार पाहुण्याला घरात घेण्याबद्दल नाही. तो कोण, कुठून आला आणि कोणाबद्दल बोलतो आहे, हे न विचारता आपण त्याला बसवून घेतो, याबद्दल आहे.

सगळ्यांत मोठी अडचण ‘कोणाबद्दल’ याचीच आहे, म्हणून तिच्यापाशी थोडी थांबते. टीईआयच्या हेडरमध्ये दोन वस्तू काळजीपूर्वक वेगळ्या ठेवलेल्या आहेत. एक, ही इलेक्ट्रॉनिक फाइल, जिचा स्वतःचा संपादक, प्रकाशक, परवाना आणि तारीख आहे. दुसरी, सोर्सडेस्कमध्ये वर्णन केलेलं मूळ पुस्तक किंवा हस्तलिखित. तिसरी वस्तू बऱ्याचदा मनात असते, ती म्हणजे ‘कृती’, जी कुठल्याही एका आवृत्तीत मावत नाही. डब्लिन कोअर वापरणाऱ्यांनीही सुरुवातीपासून बजावलं आहे की एका नोंदीनं एकाच वस्तूचं वर्णन करावं, पुस्तक आणि पुस्तकाची प्रतिमा यांची खिचडी करू नये. पण प्रत्यक्षात ‘क्रिएटर’मध्ये मूळ लेखकाचं नाव, ‘पब्लिशर’मध्ये डिजिटल प्रकल्पाचं नाव, ‘डेट’मध्ये तिसरंच काही आणि ‘फॉरमॅट’मध्ये एक्सएमएल अशी नोंद मी किती वेळा पाहिली असेल. अशी नोंद अस्तित्वातच नसलेल्या एका वस्तूचं वर्णन करते. स्वतंत्र फिरणाऱ्या नोंदीत हे खपून जातं, कारण वाचणारा संदर्भावरून सावरून घेतो. टीईआयच्या हेडरमध्ये मात्र ती अशा दस्तऐवजाच्या आत बसलेली असते जिथे या दोन वस्तू आधीच वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्या काटेकोर घरात ठेवलेली नोंद काटेकोरच असणार.

मार्कच्या नोंदीचं उलट असतं. ती जवळजवळ नेहमी छापील प्रतीची असते, ग्रंथालयाच्या कपाटातल्या पुस्तकाची. २४५ क्रमांकाच्या क्षेत्रातलं शीर्षक त्या पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावरचं, ३०० मधली पृष्ठसंख्या आणि उंची त्या पुस्तकाची. म्हणजे ती नोंद सोर्सडेस्कचं भावंड आहे, फाइलडेस्कच्या वरच्या भागाची नाही. पण झेनोडेटा तर हेडरच्या मोकळ्या अंगणात उभा असतो. तो सोर्सडेस्ककडे बोट दाखवतो आहे हे यंत्राला कुठून कळणार? आणि ज्या ग्रंथाचे चार खंड एका फाइलीत आहेत, ज्यात दोन साक्षींचे, म्हणजे एकाच ग्रंथाच्या दोन वेगळ्या प्रतींचे, पाठ एकत्र केले आहेत, तिथे तर माणसालाही कळत नाही.

आरडीएफवाले म्हणतील, आमच्याकडे हा प्रश्नच नाही, आमच्या प्रत्येक विधानाला कर्ता असतो. बरोबर आहे. पण हा कर्ता जिथे लिहायचा ते आरडीएफ-अबाउट रिकामं ठेवायची एक सोयीची पद्धत आहे. रिकामं म्हणजे ‘ज्या दस्तऐवजात मी आहे तो’. फाइलीत आहे तोवर ठीक. कोणी तो तुकडा कापून स्वतंत्र साठवला की तीच रिकामी जागा नव्या पत्त्याकडे बोट दाखवू लागते. वाक्य तेच, कर्ता बदललेला.

भाषेचंही तसंच आहे. मजकुराची भाषा सांगणारं एक्सएमएल-लँग वरच्या घटकावरून आतल्या घटकांत उतरतं, हे आपल्याला सवयीनं माहीत असतं. टीईआयच्या मूळ घटकावर ग्रंथाची भाषा लिहिली असेल, तर एक्सएमएलच्या नियमाप्रमाणे ती पाहुण्या नोंदीलाही लागू होते, मग त्या नोंदीतली विषयशीर्षकं भलत्याच भाषेतली का असेनात. उलट तुकडा कापून काढला की ती भाषाखूण मागे राहते. उपाय एका ओळीचा आहे : पाहुण्या भागाच्या सुरुवातीलाच त्याची स्वतःची भाषा लिहावी, किंवा मूल्य रिकामं ठेवून वरून येणारी भाषा तोडावी. हे उदाहरणासह मार्गदर्शिकेत असलं तर लोक करतील. रोमन नसलेल्या लिपींतल्या ग्रंथांवर काम करणाऱ्यांना याचा त्रास जास्त होतो. त्यांच्या मार्क नोंदींत एकच शीर्षक २४५ मध्ये लिप्यंतरित आणि ८८० मध्ये मूळ लिपीत, असं दोनदा येतं, आणि त्या दोहोंवर एकच भाषाखूण वरून ओघळलेली असते.

आता एक चूक सांगते, ती आमच्याच हातून झाली. आम्ही फाइली प्रसिद्ध करण्याआधी एक साफसफाईची स्क्रिप्ट चालवायचो. ओळीत लागोपाठ आलेल्या मोकळ्या जागा एक करायच्या, कडेच्या काढून टाकायच्या. गद्य पाठासाठी अगदी निरुपद्रवी काम. पण काही फाइलींत झेनोडेटामध्ये मार्क-एक्सएमएल होतं. मार्कच्या पुस्तक-नोंदीतलं ००८ हे क्षेत्र बरोबर ४० अक्षरांचं असतं आणि त्यात अर्थ जागेवरून ठरतो. ०७ ते १० या स्थानांवर पहिली तारीख, ३५ ते ३७ या स्थानांवर भाषेचा कोड. मधल्या कित्येक स्थानांवर मोकळी जागा असते आणि ती मोकळी जागा हीसुद्धा माहिती असते. नोंदीच्या वर असणारा लीडर तसाच, २४ अक्षरांचा. आमच्या स्क्रिप्टनं या मोकळ्या जागा इमानेइतबारे आवळल्या. क्षेत्र आखूड झालं, भाषेचा कोड डावीकडे सरकला आणि ३५ व्या स्थानावर काहीच उरलं नाही. फाइलीची रचना तपासणारा टीईआयचा स्कीमा म्हणाला, फाइल वैध आहे. त्याचं चुकलं नाही. तो पाहुण्याच्या खोलीत डोकावत नाही, तशी त्याला आज्ञाच नाही. नंतर या नोंदी वापरून ज्यांनी भाषेनुसार यादी काढली, त्यांच्या यादीतून ते ग्रंथ गळाले. हे कळायला फार उशीर लागला, कारण गळालेली गोष्ट दिसत नसते.

त्या दिवसापासून मी एक नियम पाळते : झेनोडेटाच्या आतल्या मजकुराला कुठल्याही सार्वत्रिक स्क्रिप्टनं हात लावायचा नाही. पण हा नियम माझ्या डोक्यात आहे. फाइलीत नाही. माझ्यानंतर फाइल उघडणाऱ्याला तो कसा कळणार?

जेसन किंवा टर्टल ही एक्सएमएल नसलेली स्वरूपं आत ठेवणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या. टर्टलमध्ये पत्ते कोनी कंसात लिहितात, एक्सएमएलला ते टॅग वाटतात. जेसनमधल्या वेबपत्त्यांत अँपरसँड (&) येतो, तोही एक्सएमएलला नुसता चालत नाही. म्हणून एकतर प्रत्येक चिन्ह बदलून लिहायचं, नाहीतर सगळं सीडेटामध्ये, म्हणजे ‘आतल्या चिन्हांना टॅग समजू नका’ असं सांगणाऱ्या वेष्टणात, गुंडाळायचं. सीडेटाचं वेष्टण फाइल एकदा प्रोसेसरमधून गेली की टिकेलच असं नाही, आशय तोच राहतो पण डोळ्यांना वेगळा दिसतो आणि हातानं संपादन करणारा घाबरतो. शिवाय एक्सएमएलचं रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी या भाषेचे अंगभूत नियम असे आहेत की ज्या घटकासाठी साचा लिहिलेला नाही त्याच्या आतला मजकूर जसाच्या तसा बाहेर पडतो. जुनी स्टाइलशीट, नवा झेनोडेटा, आणि कवितेच्या वर महिरपी कंसांत अख्खी जेसन नोंद छापून आलेली, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना समजावून सांगायला नको. शोधयंत्राच्या अनुक्रमणिकेत ते शिरलं तर दिसतही नाही, फक्त शोधाचे निकाल बिघडतात.

हे सगळं तांत्रिक, सुटण्याजोगं. यापेक्षा खोल प्रश्न आहे तो मालकीचा, म्हणजे मूळ कोणतं आणि प्रत कोणती याचा.

ग्रंथालयात नोंद दुरुस्त होते. लेखकाच्या जन्मवर्षाची चूक सुधारली जाते, दोन एकाच नावाचे लेखक वेगळे केले जातात. फाइलीतली प्रत जुनीच राहते. तिकडे फाइलीचा संपादक हस्तलिखित तपासताना लेखनकाळ दहा वर्षं मागे नेतो आणि हेडरमध्ये लिहितो. शेजारच्या झेनोडेटाला त्याचा पत्ता नसतो. ग्रंथपालाला वाटतं फाइलीतली नोंद संपादक सांभाळतो, संपादकाला वाटतं ती ग्रंथालयाची आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, तशी ती नोंद दोघांच्या भरवशावर शिळी होत जाते. आणि शिळी नोंद ताज्या नोंदीइतकीच नीट दिसते, तिच्यावर धूळ बसत नाही.

काही जण यावर म्हणतात, मग ठेवूच नका. जे टीईआयमध्ये मांडता येतं ते टीईआयमध्ये मांडा, बाकीच्यासाठी बाहेर बोट दाखवा. मला हे मत आदरणीय वाटतं आणि निम्म्याहून जास्त वेळा पटतंही. लेखकाची ओळख हवी असेल तर प्राधिकरण-नोंदीचा, म्हणजे नावाच्या प्रमाणित नोंदीचा, क्रमांक आयडीनो या ओळखक्रमांकाच्या घटकात लिहिणं पुरे, ती अख्खी नोंद प्रत्येक फाइलीत चिकटवणं म्हणजे भाराभर चिंध्या. पण जी नोंद पुन्हा मिळण्याची खात्री नाही, जी टीईआयमध्ये आणताना तिचे बारकावे हरवतात, जी या पाठाच्या जडणघडणीचा पुरावा आहे, ती आत राहिली पाहिजे. मी ज्या फाइली आज हाताळते आहे, त्यांच्या बाबतीत बाहेर दाखवलेलं प्रत्येक बोट आता रिकाम्या जागेकडे आहे. आत ठेवलेलं तेवढं वाचलं. अर्धवट, बिननावाचं, पण वाचलं. म्हणून झेनोडेटा काढून टाका असं मी कधीच म्हणणार नाही.

शेजारच्या प्रमाणकांनी काय केलं ते पाहण्यासारखं आहे. एसव्हीजी चित्रात मेटाडेटा नावाचा घटक असतो, आत काहीही ठेवा. तिथेही मोकळीक आणि तिथेही संदिग्धता. एचटीएमएलमध्ये जेसन-एलडी स्क्रिप्टच्या टॅगमध्ये ठेवतात आणि त्याच टॅगवर प्रकार लिहितात, तो नसेल तर यंत्र ते वाचतच नाही. पण शिकण्यासारखं सर्वांत जास्त आहे ते मेट्समध्ये. डिजिटल ग्रंथालयांसाठी २००१ च्या सुमारास आलेल्या या प्रमाणकात परकी नोंद गुंडाळण्यासाठी एक वेष्टण आहे आणि बाहेरच्या नोंदीकडे बोट दाखवण्यासाठी दुसरं. वेष्टणावर नोंदीचा प्रकार लिहिणं सक्तीचं केलं गेलं : मार्क, मॉड्स, डब्लिन कोअर, ईएडी, आणि यादीत नसेल तर ‘इतर’. त्या यादीत टीईआय हेडरचंही नाव आहे, म्हणजे तिथे आपण पाहुणे आहोत आणि आपलं नाव दारावर लिहिलेलं आहे. निर्मितीची वेळ लिहायला जागा आहे, मजकूर बदललेला नाही हे तपासण्यासाठी चेकसमला जागा आहे. शिवाय ग्रंथाच्या रचनेचा जो भाग त्या नोंदीत वर्णन केला आहे, तो भाग स्वतः नोंदीचा आयडी धरून ठेवतो. ‘कोणाबद्दल’ हा प्रश्न तिथे दोरीनं बांधून टाकला आहे. माझ्या ००८ ची चूक असा चेकसम असता तर पहिल्याच दिवशी सापडली असती.

मेट्सची नक्कल करा असं माझं म्हणणं नाही. मेट्स हे वेष्टणच आहे, टीईआय हा ग्रंथ आहे. पण हे बळ टीईआयकडे आजही आहे, फक्त विखुरलेलं आहे. नवा एकही घटक न आणता बरंच काही करता येईल.

झेनोडेटावर टाइप लिहिता येतो. पण तो ऐच्छिक आणि त्याची मूल्यं ज्यानं त्यानं ठरवायची, त्यामुळे कोणी ‘डीसी’ लिहितो, कोणी ‘डब्लिन-कोअर’, कोणी काहीच नाही. मार्गदर्शिकेत नेहमीच्या स्वरूपांसाठी सुचवलेल्या मूल्यांची छोटी यादी द्या. एक्सएमएल नसलेल्या मजकुरासाठी तर टाइप आग्रहानं मागा, कारण तिथे नेमस्पेसही ओळख सांगायला नसते. संबंधित घटकाकडे बोट दाखवणारा कोरेस्प हा गुणधर्म आहे. झेनोडेटावरचा कोरेस्प फाइलडेस्ककडे, सोर्सडेस्ककडे किंवा सोर्सडेस्कमधल्या एखाद्या बिब्लकडे, म्हणजे एका पुस्तकाच्या नोंदीकडे, दाखवेल, अशी एक रूढी घालून द्या आणि ‘या नोंदीचा विषय’ असा त्याचा अर्थ स्पष्ट लिहा. सोर्स हा गुणधर्म तर सगळीकडे चालतो, नोंद कुठून घेतली तो पत्ता त्यात बसतो. ती नोंद कोणी आणली हे रेस्पमध्ये. केव्हा आणली, केव्हा ताजी केली, हे रिव्हिजनडेस्क या बदलांच्या यादीतल्या चेंजमध्ये तारखेसह, त्या झेनोडेटाच्या आयडीकडे टार्गेट दाखवून. यंत्रानं तयार केली असेल तर त्या यंत्राचं नाव आणि आवृत्ती अ‍ॅपइन्फोमध्ये. मूळ कोणतं आणि प्रत कोणती, या एका गोष्टीसाठी मात्र आज नेमकी जागा नाही. त्यासाठी निदान एन्कोडिंगडेस्क या एन्कोडिंगची पद्धत सांगणाऱ्या भागात एक परिच्छेद लिहा असं सुचवा : दोन्हींत तफावत आढळली तर कोणाचं ऐकायचं.

मी मागते आहे ती सक्ती नाही. सक्ती केली तर लोक खोटी मूल्यं भरतात, हे आपण सगळ्यांनी सक्तीच्या प्रत्येक रकान्यात पाहिलं आहे. मी मागते आहे दोन गोष्टी. मार्गदर्शिकेत एक पूर्ण उदाहरण, ज्यात वरच्या सगळ्या खुणा एका झेनोडेटावर एकत्र दिसतील, म्हणजे कॉपी करणारा माणूस चांगली गोष्ट कॉपी करेल. आपण सगळे उदाहरणं कॉपी करूनच टीईआय शिकलो. आणि दुसरी, ज्याला हवा त्याला आपल्या ओडीडीमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या स्कीमाच्या आराखड्यात, घेता येईल असा स्कीमाट्रॉन या तपासणीच्या भाषेतला तयार नियम, जो टाइप किंवा कोरेस्प नसलेल्या झेनोडेटावर इशारा देईल. चूक नव्हे, इशारा. फाइल वैध राहील, पण संपादकाच्या डोळ्यांसमोर पिवळी रेघ येईल.

आतल्या मजकुराच्या तपासणीबद्दलही थोडं. टीईआयचा स्कीमा आत पाहत नाही हे योग्यच आहे, मार्कचे नियम टीईआयनं सांभाळू नयेत. पण २००६ पासून एनव्हीडीएल आहे, जो दस्तऐवजाचे नेमस्पेसनुसार तुकडे करून प्रत्येक तुकडा आपापल्या स्कीमाकडे तपासायला पाठवतो. मॉड्सचा भाग मॉड्सच्या स्कीमाकडे, बाकी टीईआयकडे. हे साधन आहे हे फार कमी संपादकांना माहीत असतं. त्याबद्दल मार्गदर्शिकेत दोन ओळी आल्या तरी कित्येकांचं काम सोपं होईल. एक्सएमएल-आयडीबद्दलही एक सूचना हवी. आयडी अख्ख्या फाइलीत अद्वितीय असावा लागतो, पाहुणा आपला आयडी घेऊन आला आणि तो घरातल्याशी जुळला तर भांडण पाहुण्याच्या खोलीत होत नाही, ग्रंथाच्या मधल्या एखाद्या टीपेपाशी होतं आणि कारण शोधता शोधता दिवस जातो.

आता संपादक, ग्रंथपाल मित्रहो, तुमच्याशी.

परिषदेनं उद्या काही केलं नाही तरी तुम्ही आज करू शकता. नोंद आत घेण्याआधी ती पूर्ण वाचा. तालिकेतून निर्यात केलेल्या नोंदीत कधी कधी अंतर्गत टिपा असतात, देणगीदाराचा पत्ता असतो, नोंद करणाऱ्याची ओळख असते. डेटाबेसमध्ये ते पडद्याआड होतं. झेनोडेटात आलं की ते फाइलीबरोबर जगभर गेलं आणि परत बोलावता येत नाही. निर्यात करताना गाळणी लावा. दुसरं, एकाच नोंदीची तीन रूपं तीन झेनोडेटांत ठेवू नका. डब्लिन कोअर तर टीईआयच्या हेडरमधून कधीही पुन्हा काढता येतो. जे पुन्हा काढता येतं ते साठवण्याची गरज नसते, आणि साठवलंच तर ‘हे हेडरमधून काढलेलं आहे, इथे दुरुस्ती करू नये’ असं लिहून ठेवा. तिसरं, स्टाइलशीट लिहिणाऱ्यांनी झेनोडेटासाठी एक रिकामा साचा आजच घालावा. एका ओळीचं काम आहे.

आणि ज्यांचे प्रकल्प संपत आले आहेत त्यांना कळकळीची विनंती. डेटाबेस बंद करण्यापूर्वीच्या शेवटच्या महिन्यात नोंदी फाइलींत घ्या, आणि घेताना प्रत्येकीवर चार शब्द लिहा : कशाची, कुठून, केव्हा, कोणी. त्या वेळी हे चार शब्द लिहायला एक स्क्रिप्ट पुरते, कारण उत्तरं तुमच्या समोर बसलेल्या माणसाला पाठ असतात. नंतर ती उत्तरं कुठल्याही किमतीला मिळत नाहीत.

माझ्या हातातल्या फाइलींमध्ये मी हे करायला सुरुवात केली आहे. ज्या नोंदींचा विषय नक्की कळला त्यांना कोरेस्प जोडला. ज्यांचा कळला नाही त्यांच्यावर तसं लिहिलं, अंदाज केला नाही. त्या पहिल्या फाइलीतल्या डब्लिन कोअरवर टाइप आहे, मी ती केव्हा आणि कुठल्या बॅकअपमधून पाहिली ते आहे, आणि एन्कोडिंगडेस्कमध्ये एक परिच्छेद आहे की या नोंदीतली तारीख कशाची हे ठरवता आलेलं नाही, पुनर्मुद्रणाची शक्यता खुली आहे. नमुन्याची फाइल, स्कीमाट्रॉनचा कच्चा नियम आणि मार्गदर्शिकेसाठी सुचवलेला मजकूर मी परिषदेच्या नेहमीच्या मार्गानं पाठवते आहे. त्यात त्रुटी असतील, त्या दाखवा, मी दुरुस्त करून पुन्हा पाठवेन.

आपली नम्र,
टीईआयच्या फाइली सांभाळणारी एक पाठसंपादक